मास्तरांच्या पायाखालचा ब्रेक

मास्तरांच्या मते या जगात गाडी नीट चालवणारा एकच माणूस होता, आणि डोळ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी नेमकं त्यालाच महिनाभर स्टिअरिंगला हात लावायला बंदी केली होती. आता जगाचं कसं व्हायचं, ही काळजी ते शेजारच्या सीटवर बसून वाहत होते. गाडी त्यांच्याच ड्रायव्हिंग स्कूलची. शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक बसवलेला, शिकणारा चुकला तर शिकवणाऱ्याला गाडी थांबवता यावी म्हणून. तीस वर्षं मास्तरांचा पाय त्या ब्रेकवरच मुक्कामाला होता.

गाडी चालवत होती त्यांची धाकटी मुलगी. वय चौतीस, बारा वर्षं त्याच स्कूलमध्ये शिकवते आहे, आणि मास्तरांच्या लेखी तिचा अजून हात बसलेला नाही. तिने शिकवलेली माणसं आज ट्रक चालवतात, रुग्णवाहिका चालवतात. पाटीवर नाव मात्र मास्तरांचं एकट्याचं, तेही फोटोसकट, आणि फोटो केस काळे असतानाचा.

आज धाकटीला बस डेपोत ड्रायव्हरच्या नोकरीची चाचणी द्यायची होती. साडेतीनला डेपोचं फाटक बंद होणार होतं. वयाची अट पस्तीसची, आणि पुढच्याच महिन्यात तिला पस्तीस पुरी होत होती. आज हुकलं की कायमचं हुकलं. "एकटीला जमायचं नाही तुला, मी येतो," म्हणत मास्तर गाडीत बसले, तेव्हाच तिने कपाळाला हात लावला होता.

पहिल्या ऐंशी किलोमीटरमध्ये मास्तरांनी सतरा ड्रायव्हर नालायक ठरवले, दोन पोलीस अडाणी ठरवले आणि रस्ता बांधणाऱ्या इंजिनियरची पदवी काढून घेतली. मग पुढचं टायर फुटलं. खड्ड्याच्या कडेने बाजूनेच फाटलं, म्हणजे पंक्चर काढून भागण्यातलं नव्हतं.

"तुझ्या हातून व्हायचंच होतं हे," मास्तर म्हणाले.

डिकीत जादाचं चाक होतं ते कंपनीने दिलेलं, नेहमीच्या चाकापेक्षा बारीक. ताशी ऐंशीच्या वर जाऊ नये, लांबचा प्रवास करू नये, असं त्याच्यावरच लिहिलेलं. डेपो अजून एकशे तीस किलोमीटर दूर होता आणि साडेबारा वाजले होते. धाकटीने मागचं चांगलं चाक काढून पुढे लावलं आणि ते बारीक चाक मागे. इंजिनचं सगळं बळ या गाडीत पुढच्या चाकांवर, वळवायची तीही पुढचीच, तिथे असलं लेचंपेचं चाक नको, एवढा साधा हिशोब. ती वर्गात दर आठवड्याला हेच शिकवायची.

"एका फुटलेल्या चाकासाठी दोनदा जॅक लावणारी पहिलीच बाई बघतोय," मास्तर सावलीत उभे राहून म्हणाले. "आमच्या वेळी आम्ही दहा मिनिटांत मोकळे व्हायचो."

त्यांच्या वेळी चाक नेहमी शिकणाऱ्यांपैकीच कोणीतरी बदलायचं. मास्तर तेव्हाही सावलीतच असायचे. पण हे बोलून दाखवायला तिच्याकडे वेळ नव्हता.

पुढच्या गावातल्या टायरवाल्याने टायर न्याहाळलं आणि मान हलवली. या मापाचं उद्या येईल म्हणाला. तिने बारीक चाकातली हवा तपासून घेतली. निम्मीच होती. ती भरून घेतली, नट पुन्हा आवळले आणि ती निघाली. सत्तरचा वेग, पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर, वळणाआधीच वेग कमी, अचानक ब्रेक मारायचा नाही. दर अर्ध्या तासाला दोन मिनिटं थांबून खाली उतरायचं आणि चाकाला हात लावून बघायचं, तापलंय का. सगळं धरून तीनच्या सुमारास ती डेपोत पोचत होती. गणित जमत होतं. मास्तरांचं तोंड मात्र बंद होत नव्हतं.

"चालत गेलो असतो तर लवकर पोचलो असतो."

"हो, बाबा."

"तो बघ, दुधाचा टेम्पो मागे टाकून गेला. दुधाचा टेम्पो."

"जाऊ दे त्याला."

"अशी बस चालवलीस तर प्रवासी बसमध्येच म्हातारे होतील."

पन्नास किलोमीटर असेच गेले. मग पुढच्या ट्रकचे मागचे लाल दिवे लागले. अंतर भरपूर होतं. धाकटीने पाय उचलला होता, गाडी आपसूक सावकाश होत होती. तेवढ्यात मास्तरांनी तीस वर्षांच्या सवयीने आपल्या पायाखालचा ब्रेक पूर्ण ताकदीने दाबला.

मागचं बारीक चाक सटकलं. गाडीचं शेपूट एका बाजूला गेलं, समोरचा रस्ता काचेतून आडवा सरकला, आणि कडेच्या खडीत करकरत गाडी तिरकी उभी राहिली. मागून आलेली एक गाडी हॉर्न देत बाजूने निघून गेली. धाकटीने इंजिन बंद केलं. मास्तरांना काही झालं नव्हतं, हे त्यांच्या पहिल्याच वाक्यावरून कळलं.

"बघितलंस? म्हणून म्हणतो, हात बसला नाही अजून."

खाली उतरून तिने चारही चाकं पाहिली. सगळं शाबूत होतं. ती परत आली तेव्हा मास्तर घड्याळाकडे बघत होते.

"आता काही तू वेळेत पोचत नाहीस," ते म्हणाले. "फिरव गाडी. सोमवारी नवीन बॅच आहे, त्याची तयारी तरी होईल."

हे ते नेहमीच्या चढ्या सुरात बोलले असते तर तिने ऐकून सोडून दिलं असतं. पण आवाज मऊ होता. सुटलो एकदाचा, असं ज्याला वाटतं त्या माणसाचा आवाज. तिला चीड आली. ब्रेक सवयीने दाबला असेल, नव्हे सवयीनेच दाबला होता, पण उशीर झाल्याचा आनंद मात्र त्यांना मनापासून झाला होता. बाप सोबत आला होता तो ती पोचावी म्हणून नव्हे.

तिने त्यांच्या बाजूचं दार उघडलं.

"मागे बसा."

"माझ्या गाडीत मी मागे बसू?"

"नाहीतर इथे उतरा. थोड्या वेळाने बस येईल, तिला हात करा. चालवणारा नालायक असेल, पण घरी सोडेल."

मास्तरांनी रस्त्याकडे पाहिलं. दोन्ही बाजूंना चिटपाखरू नव्हतं. मग ते मागे जाऊन बसले, आणि लग्नातल्या रुसलेल्या काकासारखे खिडकीबाहेर बघत राहिले. पायाखाली दाबायला काही नसल्यामुळे असेल, पण त्यानंतर ते बोललेच नाहीत. उरलेला रस्ता धाकटीने सत्तरच्या वेगाने, हात लावून चाक तपासत, अगदी शांततेत कापला.

तीन वाजून दहा मिनिटांनी गाडी डेपोच्या फाटकातून आत गेली.

चाचणी घेणारा निरीक्षक जाडजूड आणि कंटाळलेला होता. त्याने तिला एका जुन्या बसमध्ये बसवून आवारात तीन फेऱ्या मारायला लावल्या, अरुंद बोळातून बस मागे घ्यायला लावली, उतारावर थांबवून पुन्हा सुरू करायला लावली. त्या अर्ध्या तासात त्याने नुसत्या हाताच्या खुणा केल्या, तोंडातून एक शब्द काढला नाही. एक माणूस शेजारी बसलाय आणि गप्प आहे, हे तिला इतकं नवीन होतं की सुरुवातीला तिला वाटलं आपण नापास झालो. शेवटी ऑफिसात येऊन त्याने कागदावर शिक्का मारला आणि विचारलं, "सोमवारी सकाळी सहाला येऊ शकाल?"

ती उत्तर द्यायच्या आत मागून आवाज आला. मास्तर ऑफिसच्या दारात उभे होते.

"सोमवारी तिचे आठ जण आहेत शिकायला."

"ते तुम्ही शिकवा, बाबा," ती म्हणाली.

"मला नाही जमायचं."

हे शब्द मास्तरांच्या तोंडून तिने जन्मात ऐकले नव्हते. निरीक्षकाने शिक्का खाली ठेवला आणि तो उगाचच दुसरे कागद चाळू लागला.

"आठातला एकही माझ्याकडे यायचा नाही," मास्तर जमिनीकडे बघत म्हणाले. "फोन करतात तेव्हा आधी विचारतात, मॅडम शिकवणार का. मी हो म्हणतो, तेव्हा नाव लिहून घ्या म्हणतात. किती वर्षं हेच चाललंय."

बारा वर्षांत एकदा तरी कोणीतरी हे आपल्याला सांगावं, म्हणून तिचा जीव आसुसला होता. तिला वाटायचं, ऐकलं की रडू येईल. रडू आलं नाही. हे त्यांना ठाऊक होतं, रोज ठाऊक होतं, आणि तरी ते रोज सकाळी म्हणत, हात बसला नाही. तिने निरीक्षकाकडून पेन मागून घेतलं.

"सहाला येईन," ती म्हणाली आणि सही केली.