बोडीटोल्याची तिसरी

सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी फरहत मॅडम पंचायत समितीच्या शिक्षण विभागात शिरत, कॉम्प्युटरवरचे प्लास्टिकचे कव्हर काढून त्याच्या चार घड्या घालत आणि यूपीएसचे बटण दाबत. इंटरनेटची जोडणी लागेपर्यंत आवक लिपिक हेमराजभाऊ चहा सांगत. घर पाच मिनिटांवर होते. दुपारी जाऊन दोन वर्षांच्या आफ्रीनला स्वतःच्या हाताने भरवता येई. बोडीटोल्याच्या शाळेत शिक्षिका होत्या तेव्हा अठरा किलोमीटरचा प्रवास होता आणि त्या घरी पोचेपर्यंत लेक झोपलेली असे.

दिवाळीनंतर गटशिक्षणाधिकारी नन्नावरे साहेबांनी त्यांना शाळेतून कार्यालयाच्या कामावर आणले होते. दोन हजार नऊचे साल उजाडले होते आणि तालुक्यातली कॉलेजची पोरे ऑर्कुटवर, त्या काळच्या गप्पांच्या संकेतस्थळावर, पडीक असत. शाळांनीही तिथे जावे, गावकऱ्यांशी बोलावे, असे साहेबांच्या मनाने घेतले. विचार चांगला होता. सुरुवात मात्र कार्यालयाला शोभेशीच झाली. पहिली तीन परिपत्रके जावक क्रमांकासह ऑर्कुटवर चढली आणि प्रतिक्रिया मुख्याध्यापकांमार्फत पाठवाव्यात, अशी तळटीपही खाली आली. महिन्याभरात तिथल्या समूहाचे सभासद झाले अकरा. त्यांतले नऊ शिक्षक, तेही आदेशाने आलेले.

मग फरहत मॅडमनी साहेबांना न विचारताच शाळांचे फोटो चढवले: खो-खोचा सामना, खिचडीच्या रांगा, भिंतीवर रंगवलेला तालुक्याचा नकाशा. आणि माणसे येऊ लागली. पुण्यात वेल्डिंग करणाऱ्याने आपली खिडकी ओळखली. हैदराबादहून एकाने विचारले, चिंचेखालचा हातपंप अजून करकरतो का. दोघा जुन्या वर्गमित्रांत तर खो-खोत कोण पडला होता यावरून आठवडाभर जुंपली. सभासद दोनशेच्या वर गेले. साहेब इतके खूश झाले की बुधवारी जिल्ह्याच्या बैठकीत हे सारे पडद्यावर दाखवायचे ठरले.

मंगळवारी सकाळी बोडीटोल्याच्या फोटोखाली नवा मजकूर होता. लिहिणारी चंचल, ग्रामशिक्षण समितीचे अध्यक्ष देवाजीभाऊ यांची मुलगी, नागपूरला नर्सिंग शिकणारी. इंग्रजी अक्षरांत तिने लिहिले होते:

"मॅडम, फोटो मस्त आहेत. पण तुमी आमच्या शाळेच्या मॅडम आहा ना? इथी फोटो टाकून राह्यल्या, आन माह्या भावाचा तिसरीचा वर्ग दिवाळीपासून चौथीच्या मागं बसून राह्यला."

मॅडमनी ते दोनदा वाचले. दोन शिक्षकी शाळा. चारही वर्ग आता मुख्याध्यापकांच्या एकट्याच्या गळ्यात. हे त्यांना माहीत नव्हते असे नाही. कोणी बोलत नव्हते, म्हणून चालून जात होते.

साहेबांनी पडद्याकडे पाहिले आणि ते काढून टाकायला सांगितले.

"सर, पण तिचं म्हणणं खरं आहे."

"म्हणून तं काढा म्हणतो, मॅडम. खोटं असतं तं राहू दिलं असतं."

दुपारी मॅडमनी देवाजीभाऊंना फोन लावला. पोरीने काही उलटसुलट लिहिले असेल तर माफ करा, असे तेच आधी म्हणाले. एवढे दिवस तुम्ही काहीच का बोलला नाहीत, असे मॅडमनी विचारले.

"आमाले वाटलं, तुमचं प्रमोशन झालं," देवाजीभाऊ म्हणाले. "पोरायलेबी तसंच सांगतलं, आपल्या मॅडम ऑफिसात मोठ्या झाल्या. मोठ्या माणसाले वापस ये कसं म्हनाव?"

मॅडमनी फोन ठेवला. त्या दिवशी त्या जेवायला घरी गेल्या नाहीत. प्रतिनियुक्ती, म्हणजे ऑफिसातली ही तात्पुरती नेमणूक, रद्द करण्याचा अर्ज लिहायला घेतला, तर त्यात मूळ आदेशाचा क्रमांक हवा होता. हेमराजभाऊंनी नस्तीची फाइल पुढून मागून चाळली आणि चष्मा काढला.

"आदेशच नाई, मॅडम. साहेबांनं तोंडी सांगतलं असन. कागदावर तुमी अजून बोडीटोल्यालेच आहा."

"मग रद्द काय करायचं?"

"काई नाई. जाचं फक्त."

साहेब बैठकीच्या तयारीत होते. मॅडमनी त्यांना सांगितले की मजकूर काढलेला नाही, आणि उद्यापासून त्या शाळेत जाणार आहेत. ऑर्कुटचे काम शनिवारी दुपारी, शाळा सुटल्यावर, बाबूभाईंच्या सायबर कॅफेतून करतील. साहेबांनी उद्या जिल्ह्यावर मी काय दाखवू, असे विचारले. हेच दाखवा, मॅडम म्हणाल्या. लोकांनी बोलावे म्हणूनच तर आपण हे सुरू केले. नाही म्हणायला साहेबांजवळही कागद नव्हता.

साडेचारला चंचलच्या मजकुराखाली उत्तर गेले: "खरं आहे. माझ्या लक्षात यायला उशीर झाला. बुधवारपासून मी शाळेत आहे. फरहत." त्या रात्री आफ्रीनचे सामान त्यांनी सासूबाईंना पुन्हा एकवार दाखवून ठेवले: दूध कुठे, खोकल्याचे औषध कुठे.

बुधवारी अकरा वाजता जिल्ह्यावर बैठक सुरू झाली असेल. बोडीटोल्यात तेव्हा फरहत मॅडम तिसरीच्या चौदा मुलांना बसायचे बस्कर उचलायला सांगून दुसऱ्या खोलीत घेऊन जात होत्या.