पूर्वेकडून सोळा पराभव

एप्रिलातल्या त्या मंगळवारी अमेरिकेतल्या अल्बुकर्कीत सकाळपासून धुळीचा वारा सुटला होता. दहा वाजता संघाच्या मालकीणबाईंसमोर उभं राहायचं होतं.

मी आमच्या बास्केटबॉल संघाची आकडेवारी बघायचे. लीगमध्ये तीस संघ, पूर्व आणि पश्चिम असे दोन गट. तेव्हा प्रत्येक गटातले पहिले आठच बाद फेरीत जायचे. आम्ही पश्चिमेत चव्वेचाळीस सामने जिंकूनही नववे आलो. पूर्वेतला एक संघ अडतीस जिंकून आत गेला. "आमचा गटच तगडा, कोण काय करणार?" असं आमचे कोच वेंडेल हारग्रोव्ह भेटेल त्या पत्रकाराला सांगत सुटले होते. मालकीणबाईंना ते खरं की सबब, एवढंच माझ्याकडून हवं होतं.

शाळेत गणित शिकवणाऱ्या मला वेंडेलनीच इथे आणलं होतं. तेव्हा सगळे हसले होते.

गट तगडा होताच. दोन गटांतल्या साडेचारशे सामन्यांपैकी दोनशे सत्तर पश्चिमेने जिंकले होते. म्हणजे पश्चिमेचा साधारण संघही पूर्वेविरुद्ध तीसपैकी अठरा जिंकणार. आम्ही जिंकलो होतो चौदा. हरलेल्या सोळांपैकी नऊ सामन्यांत आमचा सगळ्यात भारी खेळाडू टेरेल बाकावर बसून होता.

मालकीणबाईंच्या दाराबाहेर वेंडेल भेटले; त्यांनाही आत बोलावलं होतं. "काय गं रीना, काय निघालं?"

"पश्चिम खूपच भारी निघाली, कोच."

"बघ! मी म्हणत नव्हतो?" त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. पुढचं सांगायचं सोडून मी दार ढकललं.

आत मालकीणबाईंनी पहिला तक्ता पाहून मान हलवली. "म्हणजे दोष गटाचा?"

वेंडेल माझ्याकडे बघून हसत होते. मी दुसरा तक्ता लावला. "नाही मॅडम. आपण पूर्वेतल्या दुबळ्यांकडून हरलो. त्यांतल्या नऊ सामन्यांत टेरेल बाकावर होता."

त्यांचं हसू विरून गेलं.

"टेरेलला का बसवलंत?" बाईंनी विचारलं.

"त्याचा गुडघा सुजायचा. पोरगा बावीस वर्षांचा आहे. सोप्या सामन्यांत विश्रांती द्यावी म्हटलं."

"मग हे बाहेर का नाही सांगितलंत?"

"त्यानेच गळ घातली होती. दुखापतीचा बोभाटा झाला असता, तर त्याला पुढे कोणी विचारलं नसतं."

बाईंनी दोन्ही तक्ते स्वतःकडे ठेवून घेतले. शनिवारी वेंडेलना काढल्याचं जाहीर झालं.

ते सामान न्यायला आले तेव्हा मी त्यांच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. "कोच, मला खोटं बोलता आलं नसतं."

"कोण म्हणतं खोटं बोलायला हवं होतंस?" ते खोक्यावर चिकटपट्टी लावत म्हणाले. "पण दारात मी विचारलं होतं ना तुला? तेव्हा सांगितलं असतंस, तर आत टेरेलबद्दल मीच आधी बोललो असतो."

एका खोक्याची दुसरी बाजू मी धरली आणि आम्ही दोघांनी ते गाडीपर्यंत नेलं.