पुढं गेलेला माणूस

आजोबांचा बंद पडलेला 'भंवर जिरा' सोडा हर्षनं पुन्हा सुरू केला आणि पहिला माल घेऊन अंबडहून छोटा हत्ती टेम्पो स्वतःच हाकत निघाला. वडीगोद्रीला पोचला, तर दुकानदार बद्रीनाथनं फ्रीजचा एक कप्पा आधीच मोकळा करून ठेवलेला.

"काका, तुम्हाला कसं कळलं?"

"तुमचाच माणूस सांगून गेला की. 'माल येऊन राह्यला, जागा करून ठेवा' म्हणला. धोतरवाला, सायकलला मागं लाकडी खोका. कमरेपर्यंत ओलाचिंब."

हर्षनं कुणालाच पाठवलं नव्हतं. तीर्थपुरीतही हेच ऐकलं, तेव्हा त्यानं वडिलांना फोन लावला. जिनेंद्रशेठनी वर्णन पुन्हा एकदा विचारून घेतलं.

"मच्छिंद्र," ते म्हणाले.

भाजलेलं जिरं, काळं मीठ, लिंबू घालून गॅस भरलेलं हे पेय आजोबांनी, भंवरलालनी बसवलं, पण गावोगाव नेलं ते मच्छिंद्रनं, सायकलवर. एका पावसाळ्यात घरी परतताना तो ओढ्याच्या पुरात गेला. सायकल सापडली, तो नाही. त्या दिवसापासून भंवरलालनी मशीनला हात लावला नाही.

मच्छिंद्रची बायको सगुणाबाई पुढच्या कुंभार पिंपळगाव या गावी टपरी चालवायची. हर्षनं चाचरत तिला सगळं सांगितलं. म्हातारी रडली नाही.

"दमलेले दिसले का रे?"

"मी पाह्यलं न्हाई, आजी. इकडं आल्ते का?"

"न्हाई. गावाला सांगत फिरले अन् घर तेवढं राह्यलं."

पुढच्या खेपेला ती एसटीनं अंबडला येऊन थेट गाडीत बसली. हर्षला नाही म्हणवेना.

वडीगोद्रीत बद्रीनाथ म्हणाला, "आत्ताच गेला. गाडीत बाई हाय का, विचारत होता."

सगुणाबाईनं पदर डोक्यावर ओढला. "जल्दी चल, लेकरा."

तीर्थपुरी मागं पडल्यावर भर उन्हात डांबरावर चाकाची एक ओली रेघ दिसली. हर्षनं गाडीचा वेग कमी केला. रेघ त्याच ओढ्यापर्यंत गेली आणि पुलावर न चढता बाजूनं खाली, कोरड्या पात्राकडं वळली.

म्हातारी उतरली. कठड्याला धरून खाली वाकली.

"अहो, पूल झालाय आता," ती घरातल्यासारखं म्हणाली. "वरून या."

वारा नव्हता, तरी खालचं गवत हललं. मग त्यांच्या डोळ्यांदेखत ओली रेघ चढ चढून वर आली, पुलावरून सरळ पिंपळगावाकडं निघाली. हर्षनं गाडी तिच्या मागं, अगदी सावकाश नेली.

रेघ टपरीच्या दारात गेली. सगुणाबाई आत शिरली, पत्र्याचं दार लोटलं. बाटली उघडल्याचा फसकन आवाज आला. पाठोपाठ तिचा, हलक्या रागाचा: "आधी अंग पुसा बरं."

हर्ष माल न उतरवताच फिरला.

त्यानंतर त्याच्या पुढं कुणी गेलं नाही. दुकानदार मात्र अजून विचारतात, तुमचा तो माणूस का येईना.