बंबाचं धुराडं

"क्वार्टर सरकारी है विश्वासजी, किला थोडी बना रहे हो," हार्डवेअरवाले हरबन्ससिंग हसले आणि त्यांनी काउंटरवर तीन वस्तू मांडल्या. वाकडे खिळे, लाकडी गुटके आणि स्क्रू, आणि शेपटीकडे दुभंगलेला लोखंडी होल्डफास्ट, जो वीट कोरून सिमेंटात गाडायचा.

खिळे बघूनच विश्वासला कसंतरी झालं. चंदीगडच्या मोठ्या हॉस्पिटलात तो पाइपफिटर. दिवसभर परक्या भिंतींवर पाइप पक्के बसवायचे आणि घरी बंबाचं धुराडं मात्र विटांच्या सांध्यात ठोकलेल्या खिळ्यांवर! पक्कं कशाला करायचं, आज ना उद्या कोल्हापूरलाच जायचंय, असं म्हणता म्हणता स्वारीचे कितीतरी हिवाळे इथेच गेले. मग एकदा सांधा भुरभुरला आणि पाइप धाडकन अंगणात कोसळला. पंजाबात बसमधून माणसं उतरवून मारल्याच्या बातम्या तेव्हा रोज यायच्या. तो आवाज गोळीबाराचा समजून त्याची बायको स्मिता छोट्या लीनाला कवटाळून पलंगाखाली शिरली. बाहेर आली तेव्हा एवढंच म्हणाली, "आपलं इथलं सगळं खिळ्यावर टांगलंय." पुढच्याच महिन्यात ती लेकीला घेऊन माहेरी गेली, त्याला आता दोन वर्षं होत आली होती.

आणि आता ती येणार होती. 'येते, बघते,' असं फोनवर म्हणाली होती. त्या एका 'बघते'वर हा माणूस पंधरवडाभर मनात मांडे खात होता.

गुटके त्यानं बाजूला सारले. तापलेल्या धुराड्याशेजारी लाकूड करपतं. होल्डफास्टच घेतले. घरी येऊन हातोडीनं एकेक वीट वाजवून पाहिली, खणखणीत तेवढ्याच निवडल्या, त्यांच्या मधोमध भोकं पाडून होल्डफास्ट गाडले. मग रोज ड्युटीला जाताना आणि आल्यावर तो सिमेंटावर पाणी मारायचा. लेकराला न्हाऊ घालावं तसं.

स्टेशनवर स्मिताबरोबर तिचा भाऊ बाळकृष्ण उतरला. लीना नव्हती. शाळा बुडते म्हणून ठेवली, असं स्मिता म्हणाली. घरी पोचल्या पोचल्या विश्वासनं बंब पेटवला. स्मिता न्हाऊन आली, पाणी छान तापलं होतं म्हणाली. भिंतीशी उभी राहून पाइपावरून नजर फिरवत राहिली.

"आता नाही पडायचं ते," तो म्हणाला. "राहा ना, स्मिता."

तिचे डोळे भरून आले. "धुराड्याची भीती नव्हती हो मला. तुम्हाला घरी यायला जरा उशीर झाला की जीव टांगणीला लागायचा, तो काही केल्या खाली यायचा नाही. तुम्हीच चला तिकडे."

कायमची नोकरी सोडून, या वयात? त्यानं बंबातलं लाकूड आत सारलं. मग तिनंच हळूच सांगितलं, की लीनाच्या शाळेजवळ दोन खोल्या घेतल्यात. भावाच्या घरी किती दिवस राहायचं? आणि बंब न्यायचाय. आईनं लग्नात दिलेला, तेवढा एकच.

आता तांब्याचा तो बंब काही भिंतीत गाडलेला नव्हता. निघायच्या दिवशी विश्वासनं स्वतःच त्यातली राख काढली, चिंचेनं घासून लख्ख केला, गोणपाटात बांधला. गाडीत चढवताना बाळकृष्णाला बजावलं, तोटीला धक्का लागू देऊ नकोस.

स्टेशनवरून परतला तेव्हा दिवस मावळत होता. धास्तीनं बाजार केव्हाच बंद झाला होता. अंगणात धुराडं भिंतीला धरून उभं होतं, खाली मोकळी जागा. त्यानं दोन्ही हातांनी पाइप धरून गदागदा हलवला. तसूभरही हलला नाही.

सिमेंट अजून ओलं ठेवायला हवं होतं. त्यानं तांब्याभर पाणी आणलं आणि एकेका होल्डफास्टवर सावकाश मारलं.