गेटवरची पुतळामावशी

गीतांजली नेरूळच्या कॉलेजात बीएच्या दुसऱ्या वर्षाला होती. मानवी हक्क हा विषय तिने हौसेने घेतला होता. सरांनी प्रोजेक्ट दिला, आपल्या आसपास कुणाचा कोणता हक्क डावलला जातो ते शोधा. गीतांजलीला फार लांब जावं लागलं नाही.

तिच्याच सोसायटीच्या गेटवर जवळच्या दिवाळे गावातली पुतळामावशी सिक्युरिटीला होती. दिवसभराची ड्यूटी, आणि बाथरूमची सोयच नाही. म्हणून मावशी घरून निघाल्यापासून पाण्याचा घोट घ्यायची नाही. क्लबहाउसमध्ये टॉयलेट होतं, पण ते फक्त मेंबर्ससाठी. सेक्रेटरी होते गीतांजलीचे बाबा, दिलीपराव.

मावशी मोकळेपणाने बोलली. पोटात कळा येतात, डॉक्टर रागावतात, सगळं सांगितलं. पण गीतांजलीने फोटोसाठी मोबाइल वर धरला, तशी ती दचकली.

"फोटू नको गो बाय. नाव पन नको. एजन्सीला कललं तर उद्या दुसरी बाई उभी करतील."

"पण मावशी, हा तुमचा हक्क आहे."

"हाय ना. पन नोकरी पन माजीच हाय."

गीतांजली ओशाळली. तिने मोबाइल पर्समध्ये टाकला आणि प्रोजेक्टला फुटपाथवरच्या पार्किंगचा विषय घेतला. तरी तिला चैन पडेना. शेवटी जेवताना तिने विचारलं, "बाबा, बेलापूरला ऑफिसात तुम्हाला बाथरूमला जायला कुणाची परवानगी लागते?"

"हा काय प्रश्न झाला?"

तिने मावशीचं सांगितलं.

"अगं, सोसायटीचे नियम असतात," दिलीपराव म्हणाले.

आई, सरोजिनी, आमटी वाढता वाढता थांबली. "नियम केले कुणी?"

दिलीपराव भात तसाच ठेवून उठले.

रविवारच्या मीटिंगमध्ये मात्र त्यांनी स्वतःच विषय काढला, मावशीचं नाव न घेता. क्लबहाउसचं टॉयलेट सगळ्या स्टाफला खुलं करायचं.

समोरच्या विंगमधला प्रसाद उसळला. "आज हे दिलं की उद्या लिफ्ट मागतील!"

"मागू देत," दिलीपराव म्हणाले. "तेव्हा लिफ्टचं बघू."

बरीच वादावादी झाली, पण ठराव पास झाला.

प्रोजेक्टला गीतांजलीला जेमतेम मार्क पडले. "विषय अगदीच नेहमीचा घेतलास," सर म्हणाले. मावशीचं सगळं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ती नुसती हसली आणि म्हणाली, "हो सर."