न पोचलेला पट्टा

टकटक, टकटक, मग थोडं थांबणं, मग पुन्हा टकटक. पायाने चालवायच्या शिवणयंत्राचा तो आवाज मी फार वर्षांपूर्वी ऐकला. त्याआधी मी नुसतं कापड होतो. वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या योने काकूंनी मला दुहेरी केलं, कडा आत दुमडल्या, दोरा दातांनी तोडला आणि मला दोन्ही हातांत ताणून म्हणाल्या, "हं, झालास."

तेव्हापासून मी पट्टा आहे. रंग आमसुली. एका खांद्यावरून दुसऱ्या बाजूच्या कमरेपर्यंत तिरका बसतो. इकडे मला तासुकी म्हणतात. लांब पल्ल्याच्या शर्यतीत कॉलेजची पोरं रस्ता वाटून घेतात. एकाने आपला टप्पा पळायचा, रेषेवर वाट बघणाऱ्या पुढच्याच्या हातात मला द्यायचं, मग त्याने पळायचं. असं डोंगरापासून समुद्रापर्यंत मला न्यायचं. पोरं बदलतात, पट्टा तोच राहतो.

माझ्या अंगावर पांढऱ्या दोऱ्याने कॉलेजचं नाव भरलंय. ते मला वाचता येत नाही. मी शिकलेलो नाही. पण माणसाचा खांदा मला कळतो. कोण भीत भीत पळतोय, कोण आईची आठवण काढत पळतोय, कोणाचा श्वास कुठे अडकतो, ते घामाआधी मला समजायचं.

मला पाण्यात घालायचं नाही, ही आमच्या पोरांची जुनी रीत. हिराइवा नावाचा मुलगा पहिल्या वर्षाला आला, तेव्हा त्याला ती ठाऊक नव्हती. पहिल्या वर्षाच्या पोरांकडे सगळ्यांचे कपडे धुवायचं काम असतं. त्याने मोज्यांबरोबर मलाही बादलीत टाकायला घेतलं. दुसऱ्या वर्षाचा कुरोसे धावत आला आणि त्याने मला वरच्या वर पकडलं.

"अरे ए, पट्टा धुतोस?"

"दादा, वास मारतोय तो."

"मारणारच. तुझ्या आधी पळून गेलेल्या सगळ्यांचा घाम आहे त्यात. उन्हात टाक फक्त."

"म्हणजे मी आयुष्यभर दुसऱ्यांचा घाम अंगावर घेऊन पळायचं?"

"आधी संघात निवडून तर ये, बडबड्या. मग घामाचं बघू."

त्या दिवसापासून हिराइवाला सगळे बडबड्याच म्हणू लागले. दोघांना खोलीही एकच मिळाली. हिराइवा पळायला लागला की वाऱ्यासारखा जायचा. पहिल्याच हिवाळ्यात तो निवडला गेला. कुरोसे मात्र पळायचा प्रामाणिकपणे, रोज, सगळ्यांच्या आधी उठून, आणि दर वर्षी थोडक्यात मागे राहायचा. शर्यतीच्या दिवशी तो रेषेजवळ दुसऱ्यांचे कोट सांभाळत उभा असायचा. शर्यत संपली की मला झटकायचा, उन्हात घालायचा आणि घडी करून पेटीत ठेवायचा. त्याचे हात मला पाठ होते. त्याचा खांदा मला माहीत नव्हता. कारण शर्यतीशिवाय मला अंगावर घालायचं नाही, हीसुद्धा रीतच.

माझ्या आवडत्या आठवणी विचाराल तर त्या शर्यतीच्या नाहीतच. उन्हाळ्यात सगळे डोंगरावर सरावाला जायचे, तेव्हाच्या आहेत. मला पेटीतून काढून भिंतीवरच्या खिळ्याला टांगायचे. खाली पोरं पाय पसरून बसलेली. कोणी कोणाच्या पोटऱ्या चोळतोय, कोणी कलिंगडाच्या बिया लांब थुंकायची पैज लावतोय. योने काकू भाताचं पातेलं आणून आदळायच्या. "खा मेल्यांनो, सकाळी पुन्हा गाढवासारखे पळणार आहात." हिराइवा तिसऱ्यांदा भात मागायचा आणि कुरोसे आपल्या वाटीतलं लोणचं गुपचूप त्याच्याकडे सरकवायचा. मला तेव्हा वाटायचं, हे असंच चालणार. टांगलेल्या वस्तूला असं वाटणं साहजिक आहे.

कुरोसे चौथ्या वर्षात गेला. त्या हिवाळ्यात पोरांचा सराव घेणाऱ्या ओरिकासा सरांनी जेवणानंतर शर्यतीची नावं वाचली. सर कमी बोलायचे. आठवा टप्पा हिराइवा. नववा टप्पा कुरोसे.

 कुरोसे हळूच म्हणाला, "सर, चुकून तर नाही ना वाचलं?"

"चुकून मी चहात मीठ टाकतो," सर म्हणाले. "नावं चुकवत नाही."

मग जो गोंधळ झाला! हिराइवाने त्याच्या पाठीत एवढ्या जोरात थाप मारली, की त्याला ठसका लागला. "दादा, तुम्ही फक्त रेषेवर हात पुढे करून उभे राहा. पट्टा मी आणून देतो. असा आणून देतो ना, की तुम्ही चालत गेलात तरी चालेल."

"तू आधी वेळेवर पोच."

"मी? मी कधी उशीर केलाय?"

"रोज सकाळी."

सगळे हसले. चार वर्षांत कुरोसेची ही पहिली शर्यत होती आणि शेवटचीही. वसंतात तो कॉलेज सोडून जाणार होता. मी त्याच्या खांद्यावर बसायचं होतं, एवढीच गोष्ट होती. मला तीच हवी होती.

शर्यतीचे दोन नियम आता सांगायला हवेत. पहिला असा, की पुढचे संघ निघून गेल्यावर रेषेवर ठरावीक वेळच थांबतात. तेवढ्यात ज्यांचा पट्टा आला नाही, त्या सगळ्यांना बंदुकीच्या आवाजावर एकदम सोडून देतात. त्यांच्या अंगावर आयोजकांचा साधा पांढरा पट्टा घालतात. संघ पळत राहतो, पण त्याचा स्वतःचा पट्टा तिथेच संपतो. दुसरा नियम असा, की पळणाऱ्याला कोणी हात लावायचा नाही. आधार दिला, नुसता दंड धरला, तरी संघ बाद.

त्या दिवशी समुद्राकडून बोचरा वारा होता. आम्ही मधल्या संघांत होतो, काळजीचं काही नव्हतं. आठव्या टप्प्याला हिराइवाने मला घेतलं, डोक्यातून खांद्यावर टाकलं, उरलेलं टोक चड्डीत खोचलं आणि सुटलाच. फार जोरात सुटला. मागच्या गाडीतून ओरिकासा सर भोंग्यावर ओरडले, "हिराइवा, कमी कर! रस्ता लांब आहे!" त्याने मान हलवली, वेग कमी केला नाही. मला त्याची छाती कळत होती. तो स्वतःसाठी पळत नव्हता. दादाला निवांत पळता यावं म्हणून तो रस्ता आधीच खाऊन टाकत होता. पाणी द्यायला पोरं पुढे आली, तर त्याने हातानेच नको म्हटलं.

अर्धा रस्ता झाला आणि त्याचा घाम थांबला.

माझ्यासारख्याला याचा अर्थ लगेच कळतो. थंडीत, एवढ्या जोरात पळणाऱ्याचा घाम थांबला म्हणजे आतलं काहीतरी थांबत आलंय. मी त्याच्या अंगाला चिकटलेलो होतो, आणि त्याला 'थांब, पाणी पी' एवढंही सांगू शकत नव्हतो. त्याची पावलं आखूड झाली. मग वाकडी पडू लागली. मागचे संघ एकेक करून पुढे गेले. प्रत्येक जण जाताना त्याच्याकडे बघायचा आणि लगेच नजर काढून घ्यायचा.

रेषेच्या अलीकडे नदीवर एक पूल आहे. पुलाच्या तोंडाशी गावातल्या बायकांनी पांढरा तंबू ठोकून गरम भाजीचं पाणी ठेवलं होतं. लोक कागदी झेंडे हलवत होते. हिराइवाने तो तंबू बघितला, झेंडे बघितले, आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं.

त्याने मला खांद्यावरून काढलं. मुठीला एक वेढा घेतला, दोन्ही हातांत ताणून धरलं आणि शेवटचं बळ लावून तंबूपर्यंत पळाला. तिथे एक म्हातारी उभी होती. त्याने मला तिच्यासमोर धरलं. "दादा," तो म्हणाला, "घ्या."

मग वळून, ज्या रस्त्याने आला त्या रस्त्याला त्याने कमरेत वाकून नमस्कार केला. आमची पोरं आपला टप्पा संपल्यावर करतात, तसा.

झेंडे थांबले. म्हातारीचा हात आपसूक पुढे आला होता. ती त्या गावची, तिला नियम ठाऊक होता. तिने हात मागे घेतला आणि पदराखाली घ्यावा तसा कोटात खुपसला. "बाळा," ती म्हणाली, "इथे नाही रे. अजून पुढे आहे. पुलापलीकडे."

त्याला ऐकूच गेलं नाही. तो मला तसाच धरून उभा. ओरिकासा सर गाडीतून उतरून धावत आले. त्याच्या इतक्या जवळ आले, की त्यांचा श्वास माझ्यावर पडत होता. त्यांचे दोन्ही हात त्याच्या खांद्यांच्या बाजूला उभे होते. धरलं तर पोरगा जमिनीवर पडणार नाही, पण शर्यत संपली. नाही धरलं तर...

"हिराइवा," सर म्हणाले. भोंगा खाली पडला होता, ते साध्या आवाजात बोलत होते. "बाळा, धरू का तुला?"

तेवढं मात्र त्याला ऐकू गेलं. तो दचकून मागे सरला. "नको! सर, हात नका लावू!" आणि मला छातीशी धरून तो पुलावर निघाला. पळत नव्हता. चालतही नव्हता. कठड्याच्या बाजूने नुसता पुढे सरकत होता. सर हात तसेच पसरून त्याच्या शेजारून चालत होते. सगळा रस्ता एका पोराबरोबर चालत होता आणि कोणालाच काही करता येत नव्हतं. मलाही नाही.

पूल संपला आणि रेषा दिसली. कुरोसे रेषेवर उभा होता. अंगावर पांढरा पट्टा. त्याने आम्हाला बघितलं. दोन्ही हात उंच केले, "बडबड्या! इकडे! इकडे बघ!" असं ओरडला. हिराइवाने मला पुढे धरलं. माझी टोकं वाऱ्यावर त्या दिशेने फडफडत होती. मला वाटलं, आणखी थोडं. फक्त आणखी थोडं.

बंदूक वाजली.

सगळी पोरं सुटली. कुरोसे सुटला नाही. एक क्षण तो तसाच उभा राहिला. मग एका अधिकाऱ्याने त्याला हाताने खुणावलं, तेव्हा तो वळला आणि पळाला. जाताना त्याने एकदा मागे बघितलं.

आम्ही रेषेवर पोचलो, तेव्हा तिथे मला घ्यायला कोणी नव्हतं. हिराइवाने रेषेवर गुडघे टेकले आणि मला तोंडावर धरून तो रडला. मला धुवायचं नाही अशी रीत आहे. त्या दिवशी मी भिजलो.

त्या वसंतात कुरोसे गेला. हिराइवाही गेला. त्याचं एक वर्ष उरलं होतं, पण तो सामान बांधून निघून गेला आणि दूरच्या एका बंदरावर मासळीच्या गोदामात कामाला लागला, असं काकू कोणाला तरी सांगत होत्या. जाताना तो एवढंच म्हणाला होता, "दादाची एकुलती एक शर्यत मी खाल्ली." संघासाठी नवा पट्टा शिवला गेला. मला वसतिगृहाच्या दिवाणखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं.

काही वर्षांनी ओरिकासा सर थकले आणि त्यांच्या जागी कुरोसेच सर होऊन आला. काच पुसायचं काम तो कोणाला देत नाही. पुसताना माझ्याशी बोलतो. एकटाच असताना, हळू.

एकदा तो म्हणाला, "तुला म्हणून सांगतो रे. त्या दिवशी मी आयुष्यातलं सगळ्यात चांगलं पळालो. मागे बघून वळलो, आणि मग पाय असे सुटले, की काय सांगू. समुद्र दिसला तेव्हा मी हसत होतो. दुसऱ्याचा पट्टा अंगावर, बडबड्या मागे पडलेला, आणि मी हसत होतो. असा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही. हे त्याला कसं सांगू? दोनदा गेलो त्याच्या बंदरावर. भेटला नाही. चिठ्ठीत लिहायला बसलो, तर वाटलं, त्याच्या जखमेवर मीठ चोळतोय."

मला त्या पांढऱ्या पट्ट्याचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त बरं वाटलं. पोराची शर्यत कोणी खाल्ली नव्हती. ती त्याला मिळाली होती, पुरेपूर.

एवढं एकच वाक्य माझ्याजवळ आहे. ज्याला ते हवंय तो दूर आहे, आणि ज्याच्याजवळ तोंड आहे तो बोलत नाही. म्हणून तुम्हाला विनवतो. तुमचं असं काही कोणाला सांगायचं राहिलं असेल, तर सांगून टाका. पेटीतल्या वस्तूंना सांगू नका.

परवा दुपारी दारात एक माणूस आला. केस पांढरे, हाताला मासळीचा वास. नव्या स्वयंपाकीण बाईंनी विचारलं, "कोण पाहिजे?"

"कोणी नाही. जरा बघायचं होतं."

"कुरोसे सर पोरांना घेऊन नदीवर गेलेत. येतीलच. बसा ना, चहा टाकते." त्या आत गेल्या.

तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. खांदे वाकले होते, तरी मी ओळखले. कितीतरी वेळ तो काचेतून बघत होता. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी जितकं ओरडता येईल तितकं आतल्या आत ओरडलो. तो हसत होता रे. तुझा दादा हसत होता. काचेवर त्याच्या श्वासाचा धूर आला आणि विरला.

गल्लीच्या टोकाकडून पोरांचा गलका ऐकू येऊ लागला. मध्येच कुरोसेचा आवाज, कोणाला तरी रागावणारा. त्या माणसाने मान वर केली. दोन्ही हात मांड्यांना लावून तो कमरेत वाकला. मग घाईघाईने बूट घातले, एकाची नाडी सुटलेलीच राहिली, आणि मागच्या दाराने निघून गेला.