चाकू मिटल्यावर

"बस की गं खाली," मार्सलँ म्हणाला आणि त्याने बाकावर आपल्या शेजारची जागा थोपटली.

झेली वाडगा हातात घेऊन चुलीपाशी उभी होती. फ्रान्समधल्या ओब्राकच्या माळावर सुना उभ्यानेच जेवायच्या. लग्न होऊन वर्ष उलटलं तरी तिने त्या बाकावर अंग टेकलं नव्हतं.

"ह्ये कुणी शिकिवलं?" टेबलाच्या टोकाशी बसलेल्या सासऱ्याने, उर्बँने विचारलं.

"आमी पोरांनी ठरिवलंय, बा. रविवारच्या बैठकीत."

"अस्सं! पाद्रीबुवाची बायकू बसती व्हय पंगतीला?"

पाद्रीला कुठली बायको! गडी सुपाच्या वाडग्यातच फिसकन हसला.

चर्चमागच्या खोलीत दर रविवारी तरुण शेतकरी जमत. कोटाला गव्हाच्या ओंबीचा बिल्ला आणि तोंडी एकच घोष: पाहा, पारखा, करा. त्या रविवारी पाद्रींनी विचारलं होतं, "तुमच्या घरी जेवायला कोण बसतं, आणि कोण उभं राहतं?" मार्सलँची मान खाली गेली होती.

झेली बसली. सातव्या महिन्याचं पोट टेबलाला लागलं. दोन घास पोटात गेले असतील-नसतील, तोच उर्बँने आपला चाकू पावावर पुसला आणि मिटला.

खट्.

माळावरच्या प्रत्येक घरात म्हाताऱ्याचा चाकू मिटला की जेवण संपलं. गडी उठला. मार्सलँ उठला. मग झेलीही उठली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ती बसते न बसते तोच खट्. गवताची कापणी जोरात होती, ऊन माथा फोडत होतं आणि झेली अर्धपोटी उतारावर गवत ओढत होती.

"मला आपली चुलीपाशीच राहू दे," ती नवऱ्याला म्हणाली. "तिथं पोटभर तरी मिळत हुतं."

"दम धर जरा. बदलंल."

"कसं बदलंल? तूच उठतोस की."

"मी न्हाई उठत गं. पाय उठत्यात."

कापणी संपायच्या आत ती उतारावर कोसळली. दिवस भरले नव्हते. पाद्री पोचण्याआधीच मूल गेलं. बाप्तिस्मा झाला नव्हता, म्हणून ते स्मशानाच्या भिंतीबाहेर पुरलं. कशामुळे गेलं, हे कुणी कुणाला विचारलं नाही.

अंथरुणातून उठल्यावर झेलीने सूप वाढलं आणि आपणहून बाकावर जाऊन बसली. खट्. सगळे उठले. ती बसूनच राहिली.

"गडी खोळंबलाय," दारातून उर्बँ म्हणाला.

"खोळंबू द्या, मामंजी. माझं जेवण व्हायचंय."

ती पाव मोडत राहिली. मार्सलँ उंबऱ्यापर्यंत गेला होता. तिथेच बराच वेळ थांबला, मग मागे फिरला आणि तिच्या शेजारी येऊन बसला. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

बैठकीतली ती पोरं पुढे मोठी झाली. कुणी सरपंच झाला, कुणी दुधाची सोसायटी काढली. एका ट्रॅक्टरवर सहा-सहा घरांची शेती चालवली. उर्बँ गेल्यावर मार्सलँ जेवून उठे, अंगणात जाई आणि मुठीत धरून, आवाज होऊ न देता आपला चाकू मिटे. मरेपर्यंत त्याने हे सोडलं नाही.

त्याला माती देऊन आल्यावर ते जुने सोबती त्याच टेबलाभोवती जेवायला बसले. काहींच्या कोटाला बिल्ले होते.

"बायकूला पंगतीला बसिवणारा माळावरचा पयला गडी," सरपंच म्हणाला.

"पयला!" बाकीच्यांनी माना डोलावल्या.

मार्सलँची नंतर झालेली मुलगी, सोलांज, बापाच्या कोटाचे खिसे रिकामे करत होती. चाकू हाती आला. उघडाच होता; शेवटच्या जेवणानंतर मिटायचा राहून गेला होता. डोळे पुसत तिने तो मिटला.

खट्.

बाक सरकले. सरपंच उठला, सोसायटीवाला उठला. सगळे म्हातारे गुडघ्यांवर हात टेकत उभे राहिले आणि एकमेकांची तोंडं बघू लागले.

झेलीने मान वर केली नाही. पावाच्या तुकड्याने ती वाडगा पुसत होती.

"बसा रं," ती म्हणाली. "माझं व्हायचंय अजून."